जगात चारशेवा: खालच्या क्रमांकावरच्या टेनिसपटूची कारकीर्द, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा भाचा सहा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळला. तो कायम कुठल्या ना कुठल्या परदेशात, म्हणून त्याच्या जमाखर्चाची वही माझ्याकडे असायची. त्या काळात नातेवाईक, शेजारी आणि क्लबातले पालक मला जे विचारायचे, तेच प्रश्न आजही येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. वही सांभाळताना मला एक गोष्ट पक्की कळली. चारशेव्या क्रमांकाचा खेळाडू म्हणजे जमलं नाही असा खेळाडू, हा समज साफ चुकीचा आहे. तो उत्तम खेळतो. फक्त तो ज्या पातळीवर राबतो तिथे पैसा जवळजवळ नाही.

चारशेवा म्हणजे नेमका किती चांगला?

एकदा कोर्टाच्या जाळीला चिकटून उभे राहा, मग कळेल. टीव्हीवर कॅमेरा उंचावरून दाखवतो, त्यामुळे चेंडू सावकाश जातोय असं वाटतं. दहा फुटांवरून पाहिलात तर सर्व्हिसचा चेंडू दिसत नाही, आधी मागच्या कापडावर आपटल्याचा आवाज येतो. सरावाच्या वेळी पन्नासावा कोण आणि तीनशेवा कोण, हे मला इतक्या वर्षांनंतरही सांगता येत नाही. फरक दिसतो तो ३०-३० असताना दुसऱ्या सर्व्हिसवर, आणि सलग पाचव्या आठवड्यात, सलग तिसऱ्या तीन सेटच्या सामन्यात.

२०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये भारताचा सुमित नागल १९० व्या क्रमांकावर होता. पात्रता फेरीतून वर आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने रॉजर फेडररकडून पहिला सेट ६-४ घेतला. पुढचे तीन सेट फेडररने जिंकले. पण त्या एका सेटमध्ये १९० व्या क्रमांकाचा खेळ काय दर्जाचा असतो, ते सगळ्यांनी पाहिलं.

क्रमवारी ठरते कशी?

पुरुषांची संगणकीय क्रमवारी ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झाली. सध्याचा नियम सोपा आहे: गेल्या ५२ आठवड्यांतल्या ठरावीक संख्येच्या सर्वोत्तम निकालांचे गुण मोजायचे. आज मिळवलेले गुण पुढच्या वर्षी याच आठवड्यात गळून पडतात. खेळाडू याला ‘पॉइंट्स डिफेंड करणं’ म्हणतात. मागच्या वर्षी या आठवड्यात अंतिम फेरी गाठली असेल, तर यंदा पुन्हा तेवढी मजल मारल्यावर तुम्ही जागच्या जागी राहता.

गुणांचं गणित पाहा. ग्रँड स्लॅम विजेत्याला २००० गुण. सगळ्यात खालच्या एम१५ स्पर्धेच्या विजेत्याला १५. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या लढतींच्या यादीत, थेट प्रवेश असलेला खेळाडू पहिल्या फेरीत हरला तरी त्याला १० गुण मिळतात. म्हणजे एका आठवड्यात पाच सामने जिंकून, चषक उचलून, पहिल्या फेरीत हरलेल्या माणसापेक्षा फक्त पाच गुण जास्त. भाच्याच्या वहीत मी गुणांचा एक रकाना वेगळा ठेवला होता. त्यात बहुतेक वेळा शून्य, एक किंवा दोन असायचं.

स्पर्धांच्या पायऱ्या कोणत्या?

तळाला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा: पुरुषांसाठी एम१५ आणि एम२५, महिलांसाठी डब्ल्यू१५, डब्ल्यू३५ पासून डब्ल्यू१०० पर्यंत. पुरुषांकडे हा आकडा मुळात हजार डॉलरमधली एकूण बक्षीस रक्कम, महिलांकडे विजेतीला मिळणारे गुण. एम२५ ची रक्कम मात्र २०२५ पासून ३० हजार डॉलर झाली आहे. त्यावर पुरुषांच्या चॅलेंजर स्पर्धा, ५० पासून १७५ पर्यंतच्या. हा आकडा विजेत्याच्या गुणांचा. महिलांकडे साधारण त्या जागी डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, १२५ ही स्पर्धा येते. मग २५०, ५००, १००० गुणांच्या स्पर्धा आणि ग्रँड स्लॅम. टीव्हीवर फक्त शेवटचे मजले दिसतात.

सुरुवात करायला आयटीएफकडे नोंदणी करून ‘आयपिन’ नावाचा खेळाडू क्रमांक घ्यावा लागतो. मग स्पर्धेला ऑनलाइन नाव द्यायचं आणि प्रवेश यादीची वाट पाहायची. यादी क्रमवारीनुसार लागते आणि स्पर्धेच्या दोन-अडीच आठवडे आधी. मुख्य ड्रॉमध्ये नाव आहे, पात्रता फेरीत आहे की प्रतीक्षेत बारावं आहे, हे कळेपर्यंत विमानाचं तिकीट महागलेलं असतं. आमच्याकडे या यादीच्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

ग्रँड स्लॅम त्याच्यापासून किती लांब असतं?

एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ जागा. पुरुषांत त्यातल्या १०४ थेट क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी आपल्या मर्जीने दिलेल्या जागा. पात्रता फेरीत आणखी १२८ जण असतात आणि तिथे सलग तीन सामने जिंकावे लागतात. साधारण अडीचशेच्या आत असाल तर पात्रता फेरीचं दार उघडतं.

त्या दाराची किंमत अशी: २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५,५०० पौंड मिळाले आणि मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६,०००. या एका धनादेशावर खालच्या क्रमांकाच्या खेळाडूचं अख्खं वर्ष निघतं. म्हणून १०० आणि २५० हे दोन आकडे त्यांच्या बोलण्यात सारखे येतात.

आणि हा उंबरठा किती निसरडा आहे, हे भारताच्या रामकुमार रामनाथनकडे पाहून कळतं. २०१८ मध्ये तो अमेरिकेतल्या न्यूपोर्टला एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला, क्रमवारीत १११ पर्यंत चढला. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्या तो वर्षानुवर्षं खेळला, पण एकेरीच्या मुख्य ड्रॉने त्याला हुलकावणीच दिली. या माणसाला अपयशी म्हणणाऱ्याशी मी वाद घालायला कधीही तयार आहे.

कमाई किती होते? खरं सांगा.

खरंच सांगतो. वर्षानुवर्षं एम१५ मध्ये एकेरीच्या बक्षिसांचं कोष्टक असं राहिलं: पहिल्या फेरीत हरलात तर १५६ डॉलर, दुसऱ्या फेरीत २५८, उपांत्यपूर्व फेरीत ४३८, उपांत्य फेरीत ७५२, उपविजेत्याला १,२७२ आणि विजेत्याला २,१६० डॉलर. यातून त्या त्या देशाचा कर आधीच कापला जातो. पात्रता फेरीत हरलेल्याला काहीच मिळत नाही.

आता वहीचं एक पान समजावून सांगतो. ट्युनिशियातल्या मोनास्तिरला वर्षभर आठवड्यामागून आठवडा एम१५ स्पर्धा चालतात. तुर्कस्तानात अंताल्या आणि इजिप्तमध्ये शर्म अल शेख, तिथलंही तसंच. एका जागी तीन-चार आठवडे खेळता येतं, विमानखर्च एकदाच होतो, म्हणून जगभरचे खेळाडू तिथे जमतात. धरा, तुम्ही तीन आठवडे गेलात. विमान सत्तर हजार. हॉटेल आणि जेवण दिवसाला पासष्ट युरो धरलं तर एकवीस दिवसांचे १,३६५ युरो, म्हणजे १०० रुपयांचा युरो धरून एक लाख साडेछत्तीस हजार. गटिंग (रॅकेटला तारा बसवणं), लाँड्री, व्हिसा, फिजिओ वेगळे. एकूण सव्वादोन लाखांच्या घरात.

जमेची बाजू: पहिल्या आठवड्यात एक सामना जिंकून दुसऱ्या फेरीत हरलात, पुढच्या आठवड्यात उपांत्यपूर्व फेरी गाठलीत, तिसऱ्यात पहिल्याच फेरीत बाहेर. २५८, ४३८ आणि १५६ मिळून ८५२ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साधारण बहात्तर हजार, तेही कर कापायच्या आधी. गुण: एक, दोन आणि शून्य. म्हणजे बरा खेळ होऊनही दीड लाखाच्या पदरमोडीत तीन गुण. असे आठ-दहा दौरे म्हणजे एक वर्ष.

आयटीएफने २०१३ च्या आकड्यांवरून स्वतःच अभ्यास केला होता. कोचचा खर्च बाजूला ठेवूनही, पुरुषांत ३३६ आणि महिलांत २५३ च्या खालच्या क्रमांकांना बक्षिसातून खर्च निघत नव्हता. कोच धरला तर ही रेघ आणखी बरीच वर सरकते.

मग हे लोक जगतात कशावर?

आईवडिलांवर. हे पहिलं आणि प्रामाणिक उत्तर. कुणी घर गहाण टाकतं, कुणाचा भविष्यनिर्वाह निधी जातो.

त्याखेरीज युरोपातल्या क्लब लीग आहेत. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गावोगावचे क्लब आपल्या संघासाठी परदेशी खेळाडू घेतात आणि सामन्यामागे रोख मानधन देतात. तिथे क्रमवारीचे गुण मिळत नाहीत, पण उन्हाळ्यातले चार-पाच रविवार पुढच्या दोन महिन्यांचा खर्च काढून देतात. रॅकेट कंपन्या काहींना रॅकेट आणि तारा फुकट देतात, पैसे क्वचितच. आपल्याकडे सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांची क्रीडा कोट्यातली नोकरी हा मोठा आधार आहे. अंकिता रैना ओएनजीसीत आहे. तिने पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे वर्षानुवर्षं घाम गाळून भारताची पहिल्या क्रमांकाची खेळाडू होईपर्यंत मजल मारली.

भारताच्या तेव्हाच्या पहिल्या क्रमांकाच्या पुरुष खेळाडूची गोष्ट तर सगळ्यांनी वाचली. सप्टेंबर २०२३ मध्ये नागलने मुलाखतीत सांगितलं की त्याच्या बँक खात्यात ९०० युरो उरले आहेत. त्याचं वर्षाचं गणित कोटीच्या घरातलं होतं, कारण वरच्या पातळीवर कोच आणि फिजिओ बरोबर न्यावेच लागतात. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतून येऊन त्याने ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. भारतीयाने ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवण्याची ही ३५ वर्षांतली पहिली वेळ. याआधी १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला हरवलं होतं. दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर त्याच्या नावावर लागले. त्याच वर्षी तो ६८ व्या क्रमांकापर्यंत गेला. ही गोष्ट ऐकून लोक आनंदतात, मीही आनंदलो. पण बुब्लिकविरुद्धचा सामना हरला असता तर तो काही वाईट खेळाडू ठरला नसता, एवढं ध्यानात असू द्या.

एटीपी काही करत नाही का?

आता करते. २०२४ पासून ‘बेसलाइन’ नावाची योजना आहे. सुरुवातीचे आकडे असे: पहिल्या शंभरातल्यांना वर्षाला किमान तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ मधल्यांना दीड लाख आणि १७६ ते २५० मधल्यांना ७५ हजार डॉलरची हमी. कमाई कमी पडली तर फरक एटीपी भरून देते. चांगलं पाऊल आहे. पण २५१ व्या क्रमांकावरच्याला त्यातलं काहीच मिळत नाही, आणि माझं म्हणणं त्याच्याविषयी आहे.

कोच बरोबर नसतो का?

एम१५ ला येणाऱ्यांतल्या बहुतेकांबरोबर नसतो. भाचा मोबाइल एका क्लिपने मागच्या जाळीला अडकवून सामना चित्रित करायचा आणि रात्री हॉटेलच्या वायफायवरून कोचला पाठवायचा. सामन्याचे दोन तास चढायला कधी कधी पहाट व्हायची. कोचचं उत्तर येईपर्यंत दुसरा सामना सुरू व्हायची वेळ झालेली असायची.

सरावाला जोडीदार शोधणं हे स्वतंत्र काम. स्पर्धेच्या ठिकाणी कोर्टाच्या नोंदणीचा तक्ता असतो, त्यात नाव लिहून ज्याच्याशी परवा सामना पडू शकतो त्याच्याच बरोबर अर्धा तास खेळायचं. मैत्रीही त्यातूनच होते. चौघं मिळून खोली घेतात, भाताचा कुकर कोणीतरी बॅगेत टाकून आणलेला असतो. भाच्याला पिठलं करायला एका सर्बियन मुलाने शिकायला लावलं, कारण त्याला ते आवडायचं!

हरल्यानंतर काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला वाटतं हाच विचारायला हवा. स्पर्धेत ३२ जण उतरले तर ३१ जण त्या आठवड्यात हरून जातात. खेळाडू वर्षातून पंचवीस वेळा हरतो, तेही घरापासून लांब, आणि मंगळवारी सकाळी अकराला सगळं संपतं. पुढची स्पर्धा सोमवारी. मधले पाच दिवस हॉटेलचं बिल चालूच.

भाचा हरला की आधी कपडे धुवायचा. रिस्टबँड आणि मोजे बेसिनमध्ये घासून खिडकीच्या दांडीवर वाळत घालायचे, मग फोन करायचा. फोनवर पहिलं वाक्य कायम तेच: “मामा, वहीत शून्य लिही.” मी काय बोलावं ते मला सुरुवातीला कळत नसे. सामन्याबद्दल विचारलं तर तो गप्प व्हायचा. पुढे मी फक्त जेवलास का एवढंच विचारायला लागलो. पालकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: हरलेल्या दिवशी खर्चाचा विषय काढू नका. वही दुसऱ्या दिवशीही लिहिता येते.

कॉलेजचा मार्ग बरा का?

माझ्या मते बहुतेक मुलामुलींसाठी हाच बरा. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर चार वर्षं उत्तम कोर्ट, कोच, फिजिओ आणि सामने मिळतात, वर हातात पदवी येते. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये. ऋतुजाने २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं.

दुसरा मार्ग लहान वयात परदेशी अकादमीचा. पुण्याचा मानस धामणे इटलीत तयार झाला आणि १५ व्या वर्षी २०२३ च्या महाराष्ट्र ओपनमध्ये बालेवाडीला वाइल्ड कार्डवर मुख्य ड्रॉ खेळला. अशी मुलं असतात, पण ती मोजकी. तुमचं मूल त्यांतलं आहे का, हे कोचने सांगायचं असतं, आणि ज्याला तुमच्या फीची गरज नाही अशा कोचला विचारा.

दुहेरी खेळून निभाव लागतो का?

एकेरीत शरीर साथ देईना झालं की बरेच जण तिकडे वळतात आणि काहींना तिथे दुसरा जन्म मिळतो. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता, २०१८ मध्ये एकेरीत ८३ वा. मग गुडघ्याने दोन-अडीच वर्षं खाल्ली. दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. कढेने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर २०२४ मध्ये अल्माटीला एटीपी विजेतेपद मिळवलं. बोपण्णा तर ४३ व्या वर्षी जगात पहिला झाला. खालच्या स्पर्धांत मात्र दुहेरीचं बक्षीस एकेरीपेक्षाही कमी, आणि तेही दोघांत वाटून घ्यायचं.

दुखापत झाली तर?

कमाई त्याच दिवशी थांबते. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात तर ‘संरक्षित क्रमांक’ मागता येतो, म्हणजे परतल्यावर काही स्पर्धांना जुन्या क्रमवारीच्या जोरावर प्रवेश. तरीही धीर लागतो. चेन्नईच्या प्रज्ञेश गुणेश्वरनची ऐन विशीतली वर्षं गुडघ्यांनी नेली, आणि २९ व्या वर्षी तो ७५ व्या क्रमांकावर पोहोचला. वैद्यकीय विमा परदेशातल्या खेळाच्या दुखापतीला लागू आहे का, ते पॉलिसी घेतानाच वाचा. आमच्या बाबतीत ते आम्ही नंतर वाचलं.

सट्टेबाजांचा त्रास खरा आहे का?

अगदी खरा. सगळ्यात लहान स्पर्धांचेही गुण सेकंदासेकंदाला इंटरनेटवर जातात आणि त्यावर जगभर पैज लागते. १५६ डॉलर मिळवणाऱ्या मुलाला एक सेट सोडायला काही हजार डॉलर देऊ करणारे भेटतात. २०१८ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने खालच्या पातळीवरची ही कीड उघड मांडली. आता टेनिसची स्वतंत्र सचोटी यंत्रणा आहे, आणि असा निरोप नुसता आला तरी कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हाच. शिवाय पैज हरलेले लोक खेळाडूला समाजमाध्यमांवर घाणेरडे संदेश पाठवतात. मुली तर त्यांचे फोनच बंद ठेवतात. या प्रकाराची मला मनापासून चीड आहे.

थांबायचं कधी?

वय सांगता येत नाही. आम्ही दोन वर्षांची रेघ आखली होती: दोन वर्षांत चॅलेंजरच्या पात्रता फेरीत नियमित प्रवेश मिळायला लागला तर पुढे, नाहीतर विचार करायचा. रेघ आल्यावर ती एकदा सहा महिन्यांनी पुढे ढकलली, याचा मला पश्चात्ताप नाही. भाचा सहाशेच्या आत कधी आला नाही. आज तो नाशिकला मुलांना शिकवतो, आणि त्याच्या सर्व्हिसच्या टोपलीत एम२५ चे जुने चेंडू अजून आहेत.

थांबलेल्यांपैकी बरेच जण कोच, विद्यापीठात सहप्रशिक्षक, पंच, फिटनेस ट्रेनर होतात. वरच्या खेळाडूंचे सरावाचे जोडीदार म्हणून हिंडणारेही आहेत.

अशा खेळाडूंचे सामने बघायला कुठे जायचं?

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं होते, बालेवाडीला चॅलेंजर होते. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर डब्ल्यूटीए १२५ झाली आहे. सोलापूर, नवी मुंबई, नागपूर इथेही आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. राज्य लॉन टेनिस संघटनेच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा. आयटीएफ स्पर्धांना बहुतेक वेळा तिकीट नसतं. पात्रता फेरी रविवार-सोमवारी असते, तिला जा. सकाळी लवकर पोहोचा, शेवटच्या कोर्टावर जा, आणि टोपी व पाण्याची बाटली बरोबर ठेवा, कारण तिथे सावली असेलच असं नाही.